शिशाची दोन अक्षरं

आर्मांड व्हॉयझीनसारखा भित्रा माणूस मी जन्मात पाहिला नाही. आणि मी भित्री माणसं कमी पाहिलेली नाहीत. एक्स-रेच्या टेबलावर आडवं केलं की भल्याभल्यांचे हातपाय गार पडतात. पण ते झाले पेशंट. हा बाबा मशीनच्या आमच्या बाजूला उभा राहून थरथरायचा.

बरं, दिसायला कसा? सहा फूट दोन इंच, मानेचा घेर माझ्या मांडीएवढा, आणि पंजे असे की त्यात कॉफीचा मग दिसेनासा व्हायचा. चोवीस वर्षं कागदाच्या गिरणीत मोठ्या मशीनवर काढलेली. चालत्या रुळांमधून ओला कागद हाताने ओढून काढायचा म्हणे, आणि वर शीळ घालायचा. मग गिरणी बंद पडली. सरकार म्हणालं, कॉलेजात जा, फी आम्ही भरतो. निम्म्या लोकांनी ट्रकचं लायसन्स काढलं. आर्मांडची पाठ गेलेली, त्याला ट्रक झेपेना. बायको क्लॉडेट शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. ती म्हणाली, "हॉस्पिटलं काही बंद पडत नाहीत. एक्स-रेचं शीक." झालं. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी हा घोडा आमच्या नदीकाठच्या कम्युनिटी कॉलेजात, दोन वर्षांच्या पदवीला, एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांच्या बाकावर जाऊन बसला.

पहिल्या दिवशी तो वर्गात गेलाच नाही. कॉलेजच्या आवारात पिकअप उभी करून पाऊण तास आत जपमाळ ओढत बसला आणि घरी आला. क्लॉडेटने पिठाचे हात तसेच ठेवून त्याला परत गाडीत घातलं आणि स्वतः दारापर्यंत सोडून आली. हे तिनेच मला सांगितलं, हसत हसत, पण सांगताना तिचे डोळे काही हसत नव्हते. तिच्या पगाराशिवाय घरात दुसरा आधार नव्हता.

माणसाच्या अंगात दोनशे सहा हाडं. आर्मांडला ती एकेक करून चावायची. परीक्षेच्या सकाळी हमखास ओकायचा. मनगटातली आठ छोटी हाडं काही केल्या ध्यानात राहीनात, म्हणून त्याने शनिवारी क्लॉडेटच्या मनगटावर बॉलपेनाने त्यांची नावं लिहिली. ती धुतल्यावर जातात असं त्याला वाटलं. रविवारी चर्चमध्ये क्लॉडेटने प्रसादासाठी हात पुढे केला, तर पाद्रीबुवा अर्धं मिनिट तिचं मनगटच वाचत राहिले. सगळं गाव हसलं. आर्मांड मात्र पास झाला, अठ्ठ्याहत्तर मार्कांनी. पंच्याहत्तरच्या खाली गेलं की त्या कोर्सात घरी पाठवतात.

शिकाऊ मुलं हाताने काम करायला आमच्या हॉस्पिटलात येतात, माझ्या हाताखाली. माझं नाव लॉरेट सीर. मी कशी आहे ते गावात कुणालाही विचारा, लोक आधी दार लावतील आणि मग सांगतील. येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्या आठवड्यात शिशाची दोन अक्षरं मिळतात, नखाएवढी. एक उजव्या बाजूचं, लाल. एक डाव्या बाजूचं, निळं. दोन्हींवर त्या मुलाच्या नावाची आद्याक्षरं. फोटो काढताना त्यातलं एक पेशंटच्या मागच्या प्लेटवर चिकटवायचं, म्हणजे फोटोत पेशंटची बाजू उमटते आणि फोटो कुणी काढला तेही उमटतं. ती अक्षरं कुणाला उसनी द्यायची नाहीत, कुणाची घ्यायची नाहीत. चूक झाली की अक्षर बोलतं.

आर्मांड ती दोन अक्षरं शर्टाच्या खिशात संत अॅनच्या बिल्ल्याशेजारी ठेवायचा. आणि फोटो काढण्याआधी पेशंटला तीनतीनदा विचारायचा.

"काकू, हा तुमचा उजवा हात ना?"

"हो रे बाबा."

"नक्की?"

"सत्तर वर्षं तरी उजवाच आहे."

"जरा वर करून दाखवता?"

मी पडद्यामागून ओरडायची, "अरे भागूबाई, लग्न लावतोयस का तिच्याशी? काढ फोटो!"

तो लाल व्हायचा, घाम पुसायचा आणि चौथ्यांदा विचारायचा. बाहेर रांग वाढायची. माझं डोकं फिरायचं. त्याला भित्रा म्हणायला मला मजा यायची, हेही कबूल करते.

पण त्याच्या भीतीला कारण होतं. पहिल्याच वर्षी त्याने एका बाईचा पोटाचा फोटो काढला आणि गरोदर आहे का हे विचारायचं विसरला. बाई गरोदर नव्हती, नशीब. तरी कॉलेजच्या हॅन्सकमबाईंनी, म्हणजे त्या कोर्सच्या मुख्य बाईंनी, त्याच्या नावावर ती गंभीर चूक म्हणून लिहिली. दोन गंभीर चुका झाल्या की कोर्समधून कायमचं बाहेर. तेव्हापासून आर्मांड एका पायावर उभा असल्यासारखा जगत होता.

आता त्या शुक्रवारचं सांगते. मार्च महिना. पदवीला सहा आठवडे राहिले होते. सकाळपासून बर्फाचं वादळ, माझ्या जोडीची बाई रस्त्यात अडकलेली, खात्यात मी आणि आर्मांड दोघंच. त्यात बटाट्याच्या कारखान्यातल्या कामगारांची वार्षिक तपासणी त्याच दिवशी. वादळाला न जुमानता आले सगळे, कारण तपासणीला भरपगारी सुट्टी. आर्मांडने सकाळभर एकामागून एक बावीस छात्यांचे फोटो काढले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. छातीचा साधा फोटो काढताना पेशंट आमच्याकडे पाठ करून उभा राहतो. त्याचं उजवं ते आपलं उजवं. पण खाटेवर पडलेल्या पेशंटचा फोटो समोरून काढतात, तिथे त्याचं उजवं आपल्या डाव्या हाताला येतं. हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण बावीस वेळा हाताला एकच वळण पडलं की हात डोक्याला विचारत नाही.

दोनच्या सुमाराला वरच्या मजल्यावरून फोन आला. म्हाताऱ्या पेशंटला एकाएकी दम लागलाय, ओठ निळे पडलेत, खाटेवरच छातीचा फोटो हवाय, आत्ताच्या आत्ता. माझ्या टेबलावर बर्फावर घसरून मांडी मोडलेली बाई किंचाळत होती, तिला सोडून जाता येईना. आणि शिकाऊ मुलाने चाकांचं मशीन घेऊन एकट्याने वर जायचं नाही, हा नियम. कॉलेजचाही आणि हॉस्पिटलचाही. दारावर चिकटवलेला आहे, मीच चिकटवलाय.

मी म्हटलं, "आर्मांड, तू जा."

"एकटा?" त्याचा चेहरा पांढराफटक. "बाई, मला परवानगी नाही."

"मी देतेय ना परवानगी! छातीचा एक फोटो. वर काय वाघ बसलाय?"

"बाई, तुम्ही या ना. दोन मिनिटं."

"आणि हिची मांडी तुझा बाप धरणार? जा म्हटलं ना. आणि हे बघ, आज तुझी ती जपमाळ नको. हा हात उजवा का, तो हात उजवा का. म्हातारा गुदमरतोय. झटकन काढ आणि ये."

तो गेला. मशीन ढकलत, ओठ हलवत.

सात-आठ मिनिटांत प्लेट घेऊन खाली आला. "बाई, आमचे मुकादम आहेत ते. गिरणीतले. रोझारियो लेव्हेक. मला ओळखलं त्यांनी. बोलता येत नाहीये, पण हात धरला माझा." त्याचे डोळे भरले होते. मी म्हटलं, रड नंतर. त्याने प्लेट वाचायच्या यंत्रात घातली आणि माझ्या टेबलावरच्या बाईला धरायला गेला. मी कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसले.

एका बाजूचं फुप्फुस पार बसलं होतं. बाहेर हवा साठून ते दाबलं गेलेलं. मात्र अक्षर चुकीच्या बाजूला दिसत होतं. फोटो पडद्यावर नेहमी पेशंट आपल्यासमोर उभा आहे असा लावतात, म्हणजे उजवीचं अक्षर आपल्या डाव्या हाताला यायला हवं. ते भलतीकडेच होतं. आमचं ते जुनं यंत्र कधीकधी फोटो उलटा वाचायचं. मला वाटलं, आजही तेच. बटण दाबलं, फोटो पलटवला, अक्षर जागेवर आलं. हृदयही साधारण डावीकडे दिसलं. शंका यायचं कारणच नाही. वर पाठवून दिला. सत्तावीस वर्षांची नोकरी, दोन सेकंदांचं काम.

लगेच डॉक्टरांचा फोन. वादळामुळे आमचे नेहमीचे डॉक्टर पोचले नव्हते, हा दक्षिणेकडून आलेला कोवळा बदली डॉक्टर. म्हणाला, "पाहिला. उजवं बसलंय. माणूस हातचा जातोय, मी लगेच छातीत नळी घालून हवा काढतोय."

मी म्हटलं, "हो."

आर्मांड माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. तो पडद्याकडे बघत होता. बोलला ते इतकं हळू की मला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही.

"बाई, हे मोडलेलं हाड."

गळ्याखालचं हाड जुनं मोडून वाकडं जुळलेलं दिसत होतं, उजव्या बाजूला.

"असेल. म्हातारा माणूस आहे."

"हे डावं मोडलं होतं. रूळ उसळून लागला होता, मी तिथेच होतो. मीच खांद्यावर टाकून नेलं त्यांना. डावा हात लोंबत होता, त्यांचं घड्याळ वाटभर माझ्या तोंडावर आपटत होतं." त्याने स्वतःचे दोन्ही हात वर केले आणि त्यांच्याकडे बघितलं. "बाई, मी त्यांच्यासमोर उभा होतो. लाल अक्षर मी माझ्या उजव्या हाताला लावलं."

मी परत पडद्याकडे बघितलं. डावं फुप्फुस बसलं होतं, साठलेल्या हवेने हृदय उजवीकडे ढकललं होतं, आणि मी फोटो पलटवल्यामुळे ते नेमकं डावीकडे, जिथे असायला हवं तिथे दिसत होतं. वर तो पोरगा म्हाताऱ्याच्या धडधाकट फुप्फुसात भोक पाडायला निघाला होता. मग दोन्ही बसणार. मग संपलंच.

"थांब," मी म्हटलं. "आधी नीट बघू दे मला." काय बघणार होते, देव जाणे.

"बाई, वर फोन करा! मी जिन्याने जातो!" आणि तो पळाला. त्याची पाठ, ते वजन. जिन्यावर त्याच्या बुटांचे आवाज मला खालपर्यंत ऐकू येत होते.

वर काय झालं ते मला तिथल्या नर्सने सांगितलं. मुकादमांची उजवी बाजू धुऊन, बधिर करून, निर्जंतुक कापड टाकून तयार होती. डॉक्टरच्या हातात सुरी. दार उघडून हा राक्षस आत आला, पण धापेमुळे त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मग त्याने काय केलं, तर सरळ पुढे जाऊन आपला पंजा मुकादमांच्या उजव्या बरगड्यांवर ठेवला. त्या स्वच्छ कापडावर, सुरीच्या खाली.

डॉक्टर किंचाळला, "हात काढ! वेड लागलंय का?"

आर्मांडने नुसती मान हलवली.

"कोण आहे हा? बाहेर काढा याला!"

"नाही काढणार हात," अखेर आर्मांडला शब्द सापडले. "चूक माझी आहे. अक्षर माझं आहे. डावी बाजू. मुकादम, सांगा ना यांना, कुठलं मोडलं होतं तुमचं हाड?"

मुकादमांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी उजवा हात कापडाखालून ओढून काढला आणि डाव्या खांद्यावर दोनदा थोपटलं. डॉक्टरने दोन्हीकडे स्टेथोस्कोप लावून ऐकलं, जे आधीच ऐकायला हवं होतं. मग खाटेला वळसा घालून पलीकडे गेला. डावीकडून नळी घातल्यावर हवा सूं करून बाहेर आली आणि मुकादमांच्या ओठांना रंग चढायला लागला, असं नर्स म्हणाली. आर्मांड तेव्हा मोरीत ओकत होता.

पुढच्या गुरुवारी कॉलेजात चौकशी बसली. हॅन्सकमबाईंनी टेबलावर लाल अक्षर ठेवलं.

"हे कुणाचं?"

"माझं," आर्मांड म्हणाला. लग्नातला कोट घालून आला होता, बटणं लागत नव्हती. बाहेर बाकावर क्लॉडेट बसली होती, तिने डोक्यावरची स्वयंपाकघरातली जाळीसुद्धा काढली नव्हती.

"ही तुमची दुसरी चूक. माहीत आहे ना?"

"हो, बाई."

"एकट्याने वर का गेलात? कुणी पाठवलं?"

तो कोटाचं बटण ओढत राहिला. हॅन्सकमबाईंनी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "मी गेलो." माझ्याकडे एकदाही बघितलं नाही त्याने. हा माणूस एका प्रश्नपत्रिकेला घाबरून ओकायचा, आणि आता त्याची दोन वर्षं त्याच्या डोळ्यांदेखत जात होती.

मला ते बघवेना. मी उठले आणि म्हटलं, "मी पाठवलं त्याला. नियम माहीत असून पाठवलं. विचारू नकोस, घाई कर, असंही मीच बजावलं. आणि फोटो पलटवला तो मी. त्याने नुसतं अक्षर चुकवलं, बाजू बदलली मी."

मला महिनाभर बिनपगारी घरी बसवलं आणि माझ्या कागदांत एक पत्र लागलं. आर्मांडची चूक नोंदली गेली, पण त्याला हाकललं नाही. शेवटचं सत्र पुन्हा करायची सवलत मिळाली. डिसेंबरात तो पदवी घेऊन बाहेर पडला आणि दुसऱ्या महिन्यात आमच्याच खात्यात लागला. अजून तीनदा विचारतो. मी आता काही बोलत नाही.

गावात माझं नाव झालं, काय सांगू! लॉरेटने स्वतःवर घेतलं आणि त्या बिचाऱ्याला वाचवलं. क्लॉडेट दर नाताळला मला मांसाचं सारण भरलेला मीट-पाय भाजून पाठवते, वर चिठ्ठी, "तुमचे उपकार फिटायचे नाहीत." मी तो खाते. चिठ्ठी मात्र उलटी करून ठेवते.

कारण चौकशीत मला एक गोष्ट कुणी विचारली नाही आणि मी सांगितली नाही. आर्मांड जिन्याकडे पळाला तेव्हा मी फोन उचलला होता. वरचा नंबर तीन आकडी आहे, झोपेतही फिरवीन. मी एक आकडा दाबला आणि थांबले. फोन केला तर काय सांगणार? की मी शिकाऊला एकटं पाठवलं? फोटो मी उलटा केला? माझं लायसन्स, माझी सत्तावीस वर्षं. वाटलं, कदाचित डॉक्टर आपणहून बघेल. कदाचित आर्मांडचंच चुकत असेल. रिसीव्हर कानाला लावून मी बर्फ बघत उभी राहिले, आणि जिन्यावर त्या भल्या माणसाचे बूट वाजत होते. भागूबाई म्हणे! भागूबाई मी होते.

याला आता चार वर्षं झाली. एक गोष्ट माझ्या लक्षात यायची. खात्यातला फोन वाजला की आर्मांड कुठेही असो, माझ्या आधी पोचतो आणि उचलतो. मला वाटायचं, नव्याची हौस. परवा फोन वाजला तेव्हा मी फोनशेजारीच होते. तो खोलीच्या त्या टोकाकडून धावत आला. मी रिसीव्हरवर हात ठेवला, पण उचलला नाही.

"आर्मांड, त्या दिवशी मी वर फोन केला नव्हता."

"माहीत आहे, बाई."

"कसं माहीत?"

"वर गेलो तेव्हा फोन डॉक्टरांच्या मागेच होता, भिंतीवर. वाजला नाही. मी हात ठेवून उभा होतो, वाट बघत होतो, की आता वाजेल."

फोन वाजतच होता.

"मग बोलला का नाहीस? चौकशीत सांगायचंस."

"भीती वाटली."

"माझी?"

"नाही हो. तुम्ही नोकरी सोडून जाल याची." त्याने घाम पुसला. "मग मला इथे एकट्याने उभं राहायला लागलं असतं."

त्याने वाकून फोनवर उमटलेला नंबर बघितला.

"उचला, बाई," तो म्हणाला. "वरून आहे."

मी उचलला.